हेरल्ड गाडीच्या मागच्या सीटचे सुरक्षापट्टे : चौदा महिन्यांनंतर

आधीच सांगते, पट्ट्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पट्टे ज्या पत्र्यात कसले होते त्या पत्र्याबद्दल, त्यामुळे खालचा निम्मा मजकूर त्या पत्र्यावरच खर्च होणार आहे. ज्यांना फक्त 'कोणते घेतलेत?' एवढंच विचारायचंय त्यांच्यासाठी: साधे दोन टोकांचे कमरेचे पट्टे, रीळ नसलेले, हाताने ओढून लांबी कमीजास्त करायचे. रंग काळा. लेबलवर गोलातलं 'ई ११' आणि रेग्युलेशन १६ चा शिक्का आहे, म्हणजे पट्टे तपासून मान्य झालेले. शिक्का नसलेले पट्टे निम्म्या किमतीत मिळत होते. ते घेतले नाहीत आणि तुम्हीही घेऊ नका.

गाडी १९६९ ची ट्रायम्फ हेरल्ड १३/६०, टप उघडणारी, निळी. आम्ही राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आणि ही गाडी जिथे जुळली तो कॅनलीचा कारखाना आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर होता. घेतली मात्र सांगलीमुळे. आजोबांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. तीच इटालियन रचनाकार मिकेलोत्तीने काढलेली आकृती, फक्त मद्रासला बनलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा सहा नातवंडांना मागे कोंबून आजोबा नरसोबाच्या वाडीला न्यायचे. येताना बासुंदीचा डबा कुणाच्या तरी मांडीवर असायचा. आजोबांनी ब्रेक मारला की आम्ही सगळे पुढच्या सीटच्या पाठीवर आणि डबा आमच्यावर. तेव्हा ती गंमत वाटायची. बाबा अजून ती गोष्ट हसत हसत सांगतात.

मग सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता, अशा बातम्या आल्या. त्या रात्री आईचा पुण्याहून फोन. पहिलं वाक्य, "तुझ्या त्या उघड्या गाडीत मागे पट्टे आहेत का गं?" नव्हते. पुढे होते, कारण १९६५ पासून ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांना पुढचे पट्टे लागायला लागले. मागचे पट्टे सक्तीचे व्हायला १९८७ उजाडलं. आमची गाडी या दोन सालांच्या मध्ये अडकलेली.

इथला कायदा याबाबतीत जरा मजेशीर आहे. जुन्या गाडीत मागे मुळातच पट्टे नसतील, तर तीन वर्षांवरच्या मुलांना मागे तसंच बसवलेलं चालतं. तीनच्या आतलं मूल मात्र अजिबात नाही. पण एकदा तुम्ही पट्टे बसवलेत की ते लावावेच लागतात आणि मूल बारा वर्षांच्या आतलं आणि १३५ सेंटीमीटरपेक्षा बुटकंही असेल तर त्याला त्याच्या मापाची सीट किंवा बूस्टर, म्हणजे बसायची उंच गादी, लागतो. बूस्टरला खांद्यावरून येणारा तिरका पट्टा लागतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर साधा बूस्टर चालत नाही. म्हणजे काहीच न करणारा मोकळा आणि काळजीने पट्टे बसवणाऱ्याच्या मागे नियमांची शेपटी. नवऱ्याने हे वाचून 'मग राहू दे ना' असं सुचवून पाहिलं. मी त्याला वाडीच्या बासुंदीची आठवण करून दिली.

तिरका पट्टा का नाही बसवला, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर. तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला. हेरल्डही १९५९ चीच. पण त्या पट्ट्याला खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर एक पक्की जागा लागते. बंद गाडीत ती बाजूच्या खांबात मिळते. टपाच्या गाडीत मागे खांबच नाही. आहे ती टपाची घडी होणारी सांगाड्याची जोडणी आणि ती काही माणूस अडवायला बनवलेली नाही. काही जण चाकावरच्या पत्र्याच्या फुगीर भागाला रीळ बसवून पट्टा सीटच्या पाठीवरून पुढे आणतात. मी तसं दोरी बांधून करून पाहिलं. आमच्या थोरल्या मुलाचा खांदा सीटच्या वरच्या कडेपेक्षा चांगला वीतभर वर येतो. म्हणजे पट्टा खांद्यावरून उतरून मागे खाली जाणार. धडक बसली की तो छातीला मागे ओढेलच, पण खांद्याला खालीही दाबेल आणि तो दाब कण्यावर येईल. कमरेचा पट्टा अपुरा असेल, पण निदान तो काय करतो आणि काय करत नाही हे मला कळतं. या दुसऱ्याचं मला कळत नव्हतं.

तेव्हा ठरलं ते असं: थोरला, तेव्हा दहा वर्षांचा आणि १३७ सेंटीमीटर, मागे कमरेच्या पट्ट्यावर. त्याच्या शेजारी आमच्यापैकी एक मोठं माणूस. धाकटी पुढे, बूस्टरवर, पुढच्या सीटच्या तीन टोकांच्या पट्ट्यात. या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे तिला पुढे बसवायला त्या बाजूने अडचण नाही. थोरल्याने यावर जे काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दोन दिवस त्याचं म्हणणं होतं की उंच वाढल्याची शिक्षा मिळतेय.

आता बसवण्याची गोष्ट. कमरेच्या पट्ट्यात सगळा खेळ कोनाचा आहे. पट्टा कमरेच्या हाडांवर, मांडीच्या मुळाशी, खाली दाबून बसायला हवा. टोकं फार मागे घेतली तर पट्टा आडवा पडतो, धडकेत वर सरकतो आणि पोटात रुततो. हाड ताण सोसतं, आतडी सोसत नाहीत. म्हणून टोकं सीट आणि पाठ जिथे मिळतात त्याच्या जरा खाली, जरा मागे हवीत. मी थोरल्याला सीटवर बसवलं, त्याच्या कमरेच्या हाडावर सुतळीचं एक टोक धरलं, दुसरं टोक गादी काढलेल्या जागी पत्र्यावर धरलं आणि त्याच्याच कंपासपेटीतला कोनमापक लावला. जमिनीशी साठ अंशांच्या आसपास. खडूने चार खुणा केल्या, प्रत्येक पट्ट्याला दोन. खुणा करून मी फोटो काढला. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला.

पहिलं काम एका गॅरेजमध्ये दिलं. जुन्या गाड्यांची कामं करतात, आमची आधीही केली होती. संध्याकाळी गाडी मिळाली, चार बोल्ट, पट्ट्यांची चार टोकं, बिल अगदीच माफक. वरून सगळं छान. मीही त्या दिवशी खाली डोकावून पाहिलं नाही, हे माझं चुकलं. आम्ही त्या उन्हाळ्यात केनिलवर्थ, स्ट्रॅटफर्ड, मॅल्व्हर्न असं सगळं फिरलो. तिसऱ्या महिन्यात मागची गादी काढून पट्ट्यांवर सांडलेला संत्र्याचा रस पुसत होते. डाव्या बाजूच्या आतल्या बोल्टभोवतीचा पत्रा मला जरा वर आलेला दिसला. बोट ठेवलं तर रंगाला बारीक भेग, नखाएवढी, अर्धचंद्रासारखी. पट्टा धरून जोरात ओढला तर पत्रा हलला. पत्राच, बोल्ट नाही. डब्याचं झाकण दाबल्यावर जसं टक् करून आत-बाहेर होतं, अगदी तसं.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली आणि खालून पाहिलं. बोल्टाखाली एकेक चकती, फार तर रुपयाच्या नाण्याएवढी. वर जुनाट अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून फासलेला लेप, आणि त्याच्या आत गंज. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर टोक आरपार गेलं. दोन भोकं तर जागच्या जागीही नव्हती. माझ्या फोटोतल्या खडूच्या खुणांपेक्षा चार बोटं मागे पाडली होती, का तर तिथे भोक पाडायला सोपं गेलं असावं.

इथे जरा गणित करा. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीसपट ओढ येते. थोरल्याचं वजन तेव्हा ३६ किलो. म्हणजे सातशे किलोंच्या वर. ती सगळी ओढ दोन बोल्टांतून, मिलिमीटरभर जाडीच्या, तोही गंजलेल्या पत्र्यात. नाण्याएवढी चकती त्या पत्र्यातून बटण काजातून निघावं तशी निघून आली असती. तीन महिने मी 'पट्टा लावला का?' म्हणून पोराच्या मागे लागत होते आणि पट्टा कशालाच बांधलेला नव्हता.

गॅरेजला फोन केला. म्हणाले, 'एवढ्या जुन्या गाडीला एवढंच होतं.' पैसे परत मागायचा कंटाळा केला, तिथे परत जायचंही सोडून दिलं.

दुसऱ्यांदा काम आम्ही स्वतः केलं, वेल्डिंग सोडून. दोन शनिवार-रविवार गेले. ज्यांना हे करायचंय त्यांनी यातलं काही वगळू नये, म्हणून क्रमाने सांगते. आधी दोन्ही सीटच्या गाद्या, कार्पेट आणि पट्टे बाहेर, कारण ठिणगीने पट्ट्याचा एखादा धागा जळला तरी तो पट्टा टाकून द्यायचा. मग बॅटरी सोडवली. हेरल्डची पेट्रोलची टाकी डिकीत एका बाजूला असते, मागच्या सीटपासून फार लांब नाही, त्यामुळे वेल्डिंगच्या आधी ती रिकामी करून काढून घराबाहेर ठेवली. टाकीला ती राखीव पेट्रोलची दांडी असते. ती इतकी गंजून बसली होती की नवऱ्याने तिच्यावरच एक अख्खी सकाळ घालवली. मग खालून अंडरसील खरवडलं आणि कळलं की गंज फक्त बोल्टापाशी नव्हता, हातभर पसरलेला होता.

वेल्डिंगवाला एक म्हातारा गृहस्थ. आयुष्यभर पत्र्याचं काम केलेला. त्याने कुजलेला पत्रा कापून टाकला आणि नवा जोडला. भोकं पाडायच्या आधी त्याने प्रत्येक खुणेखाली हात घालून चाचपलं. मागच्या सीटच्या पत्र्याखाली डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा गिअरचा डबा आहे, त्याच्यावर स्प्रिंगचा आडवा पाटा आहे, ब्रेकची नळी आहे, हँडब्रेकची तार आहे. वरून खूण दिसते तिथे ड्रिल घातलं तर खाली काय आहे ते वरून दिसत नाही. एक खूण ब्रेकच्या नळीच्या इतकी जवळ होती की ती दोन बोटं बाहेर घ्यावी लागली. त्याने मला खाली बोलावून टॉर्चच्या उजेडात ती नळी दाखवली, काही बोलला नाही, नुसती भुवई उंचावली.

मग खरी गोष्ट: जाड पट्ट्या. तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, तळहाताएवढी, मधोमध नट वेल्ड केलेला. ती पत्र्याच्या खालून लावायची, म्हणजे ओढ आली की ती पट्टी पत्र्यावर दाबली जाईल आणि ताण तळहातभर जागेत वाटला जाईल. वरून लावली तर शोभेची. कडा आणि कोपरे घासून गोल केलेले हवेत, नाहीतर पट्टीच पत्रा कापते. बोल्ट सात-षोडशांश इंची, इंचाला वीस आट्यांचा, बारीक आट्याचा. जगभर पट्ट्यांना हाच आटा चालतो. घरातल्या डब्यातला जवळपास बसणारा दुसरा बोल्ट घालू नका. तो पहिले दोन आटे गोडीत फिरतो आणि मग आटे खाऊन टाकतो.

आणखी एक वाद. एका जाणकाराने सांगितलं की पट्टे सरळ चासीलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यालाच, बांधा, हेरल्डला वेगळी चासी आहेच. ऐकायला पटतं. पण या गाडीची बॉडी चासीवर नटबोल्टांनी बसवलेली आहे, मध्ये पॅकिंग आहे आणि सीट बॉडीत आहे. मला पोर ज्या भागात बसलंय त्याच भागाला बांधलेलं हवं होतं. म्हाताऱ्या वेल्डरचंही हेच मत पडलं, म्हणून तो मुद्दा मी तिथेच सोडला.

खर्च विचाराल तर दोन पट्टे, पट्ट्या आणि बोल्ट मिळून ऐंशी पौंडांच्या आत. वेल्डिंग आणि पत्रा दोनशे दहा. पहिल्या गॅरेजचं बिल बुडीत खाती. विमा कंपनीला कळवलं. त्यांनी नोंद करून घेतली, हप्ता तेवढाच राहिला. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथली वार्षिक तपासणी सक्तीची नाही, पण मी तरीही नेते. तपासणाऱ्याने मागच्या पट्ट्यांना हिसके देऊन पाहिले. त्याच्या प्रत्येक हिसक्याला माझा जीव वरखाली.

तर त्यानंतरचे महिने. वापरायला साधे पट्टे आहेत, पण उघड्या गाडीत साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत.

पहिली कटकट बक्कल. गादी आणि पाठीच्या फटीत ती गिळली जातात. थोरला हात कोपरापर्यंत घालून शोधायचा आणि हाती पट्टा सोडून सगळं यायचं: सुटी नाणी, एकदा अर्धी चकली. शेवटी बक्कलाच्या बाजूच्या पट्ट्यावर कडक प्लास्टिकची नळी चढवली, आता ते उभं राहतं. पण मागे कुणी नसेल तर ही बक्कलं पत्र्यावर खडखडतात. ताशी साठ किलोमीटरपर्यंत कळत नाही, कारण इंजिनच जास्त बोलतं. गावातल्या सावकाश रस्त्यावर मात्र डोकं उठवतात. रिकाम्या सीटवर दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांत अडकवून ठेवायचे, हा उपाय.

दुसरी कटकट टपाची. टप खाली घेताना त्याचा सांगाडा पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाजवळून खाली येतो. पहिल्या महिन्यात एकदा घाईत टप दाबला आणि पट्टा मध्ये चिमटला. काठावरचे चार-पाच धागे तुटले. एवढंसंच, पण मी तो पट्टा बदलला. काठ उसवलेला पट्टा ताण आल्यावर तिथूनच फाटायला लागतो. आता टप खाली घ्यायच्या आधी पट्टे आत सीटवर घेण्याचं काम धाकटीकडे आहे आणि ती ते पोलिसाच्या थाटात करते.

पाऊस आहेच. कॉव्हेंट्रीत टप उघडून निघणं म्हणजे ढगाशी पैज लावणं. पट्टे भिजले की ते ताणून, मोकळे ठेवून वाळवावे लागतात. एकदा ओलेच गादीखाली राहिले आणि आठवड्याने त्यांना कोंदट वास आला, कडेला हिरवट ठिपके. कोमट पाण्यात साधा साबण घालून धुतले, सावलीत वाळवले. जुलैत उलटं. टप उघडा ठेवून गाडी उन्हात उभी केली की बक्कलाची धातूची जीभ चटका देते. त्यावर रुमाल टाकून ठेवणे हाच शोध.

मग नोव्हेंबरातला तो रविवार. फॉस वे म्हणून इथे रोमनांच्या काळापासूनचा सरळसोट रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं. मी चालवत होते, नवरा आणि थोरला मागे. झुडपातून एक भेकर रस्त्यावर आलं आणि मधोमध उभं राहिलं. हो, भेकरच. इथे चीनमधून आणलेली जात सुटून माजली आहे, आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं चुलत भावंड. मी ब्रेकवर उभी राहिले. धडक नाही झाली. भेकर निघून गेलं. मागे वळून पाहिलं तर थोरला जागेवर होता, कमरेपासून खाली सीटला चिकटलेला. पण कमरेपासून वर तो पार पुढे वाकला होता आणि त्याच्या कपाळापासून माझ्या सीटच्या पाठीपर्यंत जेमतेम चार बोटं राहिली होती. तो हसत होता. मला हसू आलं नाही.

कमरेचा पट्टा कुठे संपतो ते त्या चार बोटांनी दाखवलं. त्यात हेरल्डच्या पुढच्या सीटा मागे जाता यावं म्हणून पुढे कलतात आणि माझ्या गाडीत त्यांना अडवून धरणारा खटका नाही. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. पुढची सीट जमेल तितकी पुढे घेतो, म्हणजे मागे जागा वाढते. आणि पुढच्या सीटच्या पाठीवरची घडीची लाकडी फळी, जिचं मला फार कौतुक होतं, काढून टाकली. मोटारवेवर आम्ही ही गाडी नेत नाही, पोरं असताना तर नाहीच. हे पट्टे गाडीतून फेकलं जाण्यापासून वाचवतात. डोक्याचं राखण त्यांच्याकडे नाही आणि उलटली तर डोक्यावर कापडाखेरीज काही नाही. तेवढं ओळखूनच रस्ते निवडायचे.

एप्रिलमध्ये बाबा आले. पहिल्या दिवशी बोनेट उघडायला लावलं, ते पूर्ण पुढे कलतं ना, अगदी आजोबांच्या गाडीसारखं. त्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. मग मागे बसले. मी पट्टा लावायला सांगितल्यावर म्हणाले, "अगं, कमरेलाच? विमानात बसल्यासारखं वाटतंय." लावला. वयामुळे पोट जरा पुढे, पट्टा पोटावर सरकत होता, खाली ओढून बसवावा लागला. मोठ्या माणसाला बसवणार असाल तर हे जरूर बघा, पट्टा पोटाखालून गेला पाहिजे. लांबी पुरली, थोडीशीच उरली.

दर दोन महिन्यांनी गादी काढते, चारही बोल्टांवर पाना लावून बघते आणि वेल्डच्या कडेवर बोट फिरवते. आतापर्यंत एकदाही काही सैल मिळालेलं नाही. गंजाचा एक ठिपका डाव्या बाजूला आलाय, पट्टीपासून दूर. त्यावर प्राइमर मारून ठेवलाय, हिवाळ्याआधी पुन्हा बघायचं आहे.

धाकटी आता मागे बसायला उतावीळ झाली आहे, कारण मागे वारा जास्त लागतो. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या पेन्सिलच्या रेघा आहेत आणि १३५ वर थोरल्याने लाल शाईने एक जाड रेघ मारून ठेवली आहे. सध्या ती १३१ वर आहे. दर रविवारी मोजून घेते आणि टाचा उचलते.